विश्वसनीय सूत्र

शनिवार, ४ जानेवारी

विमा एजंटाने दिलेली ही डायरी सरोजाने पाककृतींसाठी बाजूला ठेवली होती. मी मागून घेतली. "दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसता आणि घरी येऊन वहीत लिहिणार?" म्हणाली. म्हटलं, कागद बरा. कागद आपोआप वर ढगात चढत नाही.

लिहायला कारण घडलं आहे. 'ढगाआड' नावाचं एक बातमीपत्र दर शनिवारी सकाळी सातला फोनवर येऊन पडतं. कोणती कंपनी कोणाला गिळणार, कोणतं साधन बंद पडणार, असल्या कंड्या. लिहिणारा कोण ते कुणाला ठाऊक नाही, पण अख्खं बेंगळूरू इडली खाता खाता तेच वाचतं. आज त्यात आमच्या कंपनीचं नाव. 'उग्राणची मोफत योजना एप्रिलपासून बंद होणार, असे विश्वसनीय सूत्रांकडून कळते.'

इडली बाजूला सारून ओळ पुन्हा वाचली. उग्राण म्हणजे कोठार. प्रोग्रामर मंडळी आपले प्रोग्राम आमच्याकडे ठेवतात, आमच्याच यंत्रांवर चालवतात. मोफत योजना बंद करायची हे बुधवारी ठरलं, नववर्षाचा केक कापून झाल्यावर, काचेच्या खोलीत. खोलीत तिघंच होतो. मालक गुरुप्रसाद, माझी सहकारी वनमाला आणि मी.

मी प्रोग्रामर नाही. ग्राहक काळ्या पडद्यावर आमच्या साधनाला आज्ञा देतो, तेव्हा समोर जे शब्द उमटतात ते माझे. 'पासवर्ड चुकला.' 'जागा संपली.' 'थोड्या वेळाने पुन्हा करून पहा.' नऊ वर्षांत अकराशे संदेश लिहिले. त्याआधी मी एका कन्नड साप्ताहिकात मुद्रितशोधक होतो. तिथे एक कपाट होतं, जिवंत माणसांच्या मृत्युलेखांचं. कुणी मोठा नट आजारी पडला की संपादक म्हणायचे, "शेषगिरी, कपाट बघ." ऐनवेळी धावपळ नको म्हणून सगळं आधीच जुळवून ठेवलेलं असायचं. ती सवय माझी अजून गेलेली नाही. बुधवारीसुद्धा तासाभरात योजना बंद होण्याचा संदेश लिहून फाईलमध्ये ठेवून दिला. वेळ आली की प्रोग्राम त्याला हाक मारेल, तोवर तो गप्प पडून राहील. या धंद्यात इतकी तयारी ठेवणारा मी एकटाच असेन.

मग फोडली कुणी?

सोमवार, ६ जानेवारी

गुरुप्रसादने मला एकट्याला बोलावलं. वयाने माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, पण आज म्हातारा दिसत होता.

"सर, सिंगापूरची मंडळी आपल्याला विकत घ्यायला तयार झालीत. सत्तर घरं आहेत या चुलीवर. बातम्या अशाच फुटत राहिल्या तर ती म्हणतील, या कोठाराला भोक आहे. मग कोण घेणार आपल्याला?"

"माझ्यावर संशय आहे का?"

"तुमच्यावर? तुम्ही फोनला सुद्धा रुमाल गुंडाळून ठेवता. लक्ष ठेवा, एवढंच सांगतोय."

वनमाला दर गुरुवारी चारच्या ठोक्याला आमच्या साधनाची नवी आवृत्ती ग्राहकांच्या यंत्रांवर पाठवते. हजारो यंत्रं, पण नऊ वर्षांत एकही गुरुवार चुकलेला नाही. आणि नऊ वर्षं रोज सकाळी दहाला आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या उपाहारगृहात, बाय-टू कॉफी घेतो. एक कॉफी, दोन पेले. मंजप्पा काउंटरमागून न मोजता अगदी निम्मी ओततो. फेस जास्त असेल तो पेला तिचा, हा अलिखित करार.

आज तिने फेस फुंकत म्हटलं, "सर, तुमची संदेशांची फाईल किती सुजलीय! एकदा बसून बघायला हवी."

"कशाला?"

"सहज. काय काय कोंबून ठेवलंय बघू तरी."

"माझी फाईल नीट आहे."

"अहो, चिडता काय? फाईल बघायची म्हटलं, कुंडली नाही."

हसली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. नऊ वर्षांत हिला माझ्या फाईलची आठवण झाली नाही, आणि आत्ताच कशी झाली?

शनिवार, ११ जानेवारी

पुन्हा! चेन्नईचं केंद्र जूनमध्ये बंद करणार, हे मंगळवारी ठरलं. तिघांतच. आज 'ढगाआड'मध्ये जसंच्या तसं. 'ग्राहकांना पुरेशी मुदत देऊन, त्यांची एकही ओळ न हरवता हे स्थलांतर होईल.'

वाक्य चांगलं आहे, हे कबूल केलं पाहिजे. मीही असंच लिहिलं असतं. किंबहुना मंगळवारी जवळपास असंच लिहिलं होतं. म्हणजे चोराला भाषेची जाण आहे. वनमालाला आहे. नऊ वर्षं माझ्या शेजारी बसून येणारच.

झाडूवाल्या बाईंचा विचार केला, पण त्या सातला जातात. काचेच्या खोलीचाही केला. बाहेर उभं राहून गुरुप्रसादचे ओठ वाचायचा प्रयत्न करून पाहिला. तो बहुतेक जेवणाबद्दल बोलत होता.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. वनमालाने घरी केलेलं एळ्ळु-बेल्ल आणलं होतं. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, वर साखरेचा एक पांढरा मोर. "एळ्ळु-बेल्ल खा आणि चांगलं बोला," म्हणाली. सगळ्यांना साखरेची फुलं होती, मोर मला एकट्याला. का?

घरी सरोजाने विचारलं, "मोर खात का नाही?"

"पुरावा आहे."

"कसला?"

"तोंड गोड करण्याचा."

सरोजाने मोराचं डोकं मोडून तोंडात टाकलं आणि आत गेली.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज छडा लागला. वनमाला गेला महिनाभर शुक्रवारी तीनला निघून जाते. विचारलं तर म्हणते, "काम असतं." आज मीही डोकं दुखत असल्याचं सांगून मागोमाग रिक्षा केली. बसवनगुडीच्या एका शांत गल्लीत ती एका छोट्या पांढऱ्या गाडीत बसली. चालकाच्या जागेवर! शेजारी जाड मिशांचा अनोळखी माणूस. गाडीच्या पुढे-मागे तांबडं 'एल' अक्षर चिकटवलेलं.

गाडी दहा पावलं जाई आणि आचका देऊन थांबे. थांबली की मिशीवाला हातवारे करून काहीतरी समजावी आणि वनमाला मान डोलवी. पुन्हा दहा पावलं. पाऊण तास हेच चाललं होतं. चालत्या गाडीत बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, ही जुनी युक्ती. 'एल' लावलं की पोलीसही हटकत नाहीत. पत्रकार लोक कसली कसली सोंगं घेतात! आणि उद्या शनिवार.

रिक्षावाला म्हणाला, "सर, बाईंचा क्लच सुटत नाही." त्याला काय कळतंय?

सोमवार, २० जानेवारी

काल रविवारभर डोकं चालवलं. सापळा लावायचा. एक खोटी बातमी फक्त वनमालाला सांगायची. ती फुटली तर फोडणारी तीच.

कॉफीच्या वेळी आवाज खाली आणून सांगितलं, "कुणाला बोलू नका, एप्रिलपासून दर दुसऱ्या रविवारी उग्राण दिवसभर बंद. साफसफाईसाठी."

तिने पेला खाली ठेवला. "काय? हे काय भांड्यांचं दुकान आहे? लोकांचे प्रोग्राम रविवारी कुठे जायचे, देवळात?"

"मालकांचं ठरलंय."

"माझ्याशी न बोलता? सर, तुम्हाला कुणीतरी बनवलंय."

कच्चा खेळाडू मी नाही. तिने खात्री करायला माझी फाईल उघडली तर तिथेही सापडायला हवं. खोट्यालाही कागदपत्रं लागतात. म्हणून संदेश लिहून ठेवला. 'आज साफसफाईचा रविवार आहे. आपला प्रोग्राम सोमवारी सकाळी सहाला पुन्हा सुरू होईल. कृपया घरच्यांसोबत वेळ घालवा.' शेवटचं वाक्य उगाच सुचलं, पण छान वाटलं म्हणून ठेवलं.

गुरुवार, २३ जानेवारी

चारच्या ठोक्याला आवृत्ती गेली. वनमालाने पाठवली. आणि लगेच शांतपणे डबा धुवायला गेली. सराईत!

शनिवार, २५ जानेवारी

सापडली.

'उग्राण आता दुसऱ्या रविवारी बंद! विश्वसनीय सूत्रांनुसार ग्राहकांनी त्या दिवशी घरच्यांसोबत वेळ घालवावा, अशी कंपनीची इच्छा आहे.' सकाळपासून जगभरचे ग्राहक चवताळले आहेत. गुरुप्रसादला लगेच फोन करून सापळ्याची हकीगत सांगितली. त्याने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "नक्की फक्त तिलाच सांगितलं होतं?"

"आईशपथ."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. दुपारी झोपही लागली नाही.

सोमवार, २७ जानेवारी

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

काचेच्या खोलीत गुरुप्रसादने तिच्यासमोर कागद ठेवला. वनमालाने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मला ती खरीसुद्धा वाटली नव्हती."

"मग ती बाहेर गेली कशी?"

"ते मला माहीत नाही. पण गुरुप्रसाद, आधी गुरुवारची आवृत्ती उघडून बघा. ग्राहकाला मिळते तशी, सगळी सोडवून. मी महिनाभर म्हणतेय."

"मुद्दा बदलू नका."

तिने माझ्याकडे पाहिलं. "शेषगिरी सर, तुम्ही तरी बोला. नऊ वर्षं ओळखता मला."

मी टेबलाकडे बघत राहिलो. टेबलावर कॉफीच्या पेल्याचा एक गोल डाग होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. ती उठली. दारात थांबून म्हणाली, "माझा एळ्ळु-बेल्लाचा डबा तुमच्या घरी आहे, सरोजाक्कांकडे. परत नको, राहू द्या."

नऊ वर्षांचं सामान एका कापडी पिशवीत मावलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या जयनगरला कळलं होतं. या गावात सॉफ्टवेअरवाल्यांची बातमी रिक्षाच्या आधी पोचते. आता तिला दारात कोण उभं करणार?

मी योग्यच केलं. पुरावा होता.

शनिवार, १ फेब्रुवारी

'ढगाआड'मध्ये उग्राणबद्दल अवाक्षर नाही. बघा! ती गेली आणि गळती थांबली. आणखी कसला पुरावा हवा?

या आठवड्यात माझ्या हातूनही एकही संदेश लिहून झाला नाही. मन लागत नाही. मंजप्पाने सवयीने बाय-टू ओतली. मी म्हटलं, एकच. तर म्हणाला, "एकाला अर्धी देता येत नाही हो स्वामी, मापच नाही." म्हणून दोन्ही प्यालो. दुसरीला चव नव्हती.

रविवार, ९ फेब्रुवारी

सरोजा बाजारातून मोसमातल्या शेवटच्या अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा घेऊन आली आणि पिशवी आदळूनच बसली.

"वनमाला भेटली. माझ्याशी चांगली बोलली. तुमचं नाव काढलं नाही."

"काढेल कशी? खाई त्याला खवखवे."

"खवखवायचं कुणाला ते कळेल. अहो, ती गाडी शिकतेय. चव्वेचाळिसाव्या वर्षी. नवरा हसतो म्हणून चोरून, शुक्रवारी, क्लासच्या गाडीत. लायसन हातात येईल तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला बसवून म्हैसूर रोडला इडली खायला न्यायचं होतं तिला. 'सर फार घाबरतील, मजा येईल,' असं म्हणत होती डिसेंबरात. मला गप्प राहायला सांगितलं होतं."

म्हणजे तो मिशीवाला.

मी शेंगा सोलत बसलो. मग म्हटलं, "गाडी शिकणारी बाई बातमी फोडत नाही असं कुठे लिहिलंय?"

सरोजाने माझ्यापुढचं ताट उचलून आपल्यापुढे ओढलं. "तुम्ही नका सोलू. दाणे कमी आणि टरफलं जास्त पडताहेत."

बुधवार, १२ फेब्रुवारी

गुरुप्रसादने दार लावून सांगितलं, सौदा ठरला. सिंगापूरवाल्यांना त्याने सांगितलंय की गळती कोण करत होतं ते सापडलं, काढून टाकलं, भोक बुजलं. "हे आपल्या दोघांतच, सर. बायकोलाही नको. आणि मालक बदलल्याचा संदेश तयार ठेवा."

तयार ठेवायला मला सांगावं लागत नाही. जागेवर येताच लिहिला. 'उग्राण आता नव्या मालकांकडे जात आहे. आपले प्रोग्राम, आपली माणसं, आपली जागा, काहीही हलणार नाही.' तारीख ठरायची होती म्हणून तिथे रेघ मारून 'तारीख नंतर भरणे' असं लिहून ठेवलं. बायकोला सांगितलं नाही. या वहीत लिहितो आहे, ती मी उशीखाली ठेवतो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पुन्हा आली. सिंगापूर, मालक, सगळं.

वनमाला तीन आठवड्यांपूर्वी गेली. तिला हे कळायला जागाच नाही. सकाळी सातपासून मी एकेकाला आरोपी करत बसलो. आधी गुरुप्रसाद. मग त्याची बायको. मग माझा फोन, तो तांदळाच्या डब्यात पुरला. मग सरोजा, उशीमुळे. ती म्हणाली, "तुमचं अक्षर मला लागत नाही, नशीब समजा."

मग बातमी पुन्हा शांतपणे वाचली. शेवटचं वाक्य असं होतं. 'मालकीबदलाची तारीख अजून भरलेली नाही.'

ठरलेली नाही, असं म्हटलं असतं तर ठीक होतं. भरलेली नाही? रेघ मारून ठेवलेली जागा जगात एकाच ठिकाणी होती. गुरुप्रसादलाही ती माहीत नव्हती.

आमच्या कार्यालयाचं काही नसलेल्या घरच्या कॉम्प्युटरवर कोणत्याही ग्राहकासारखं आमचं साधन उतरवून घेतलं. उघडायला मला तीन तास लागले. एखाद्या प्रोग्रामरला तीन मिनिटं लागत असतील. आत संदेशांची फाईल होती, सगळीच्या सगळी. 'पासवर्ड चुकला'च्या खाली, ओळीने, माझं कपाट. मोफत योजना बंद. चेन्नई बंद. साफसफाईचा रविवार. नवे मालक. अडतीस तयार मृत्युलेख, दर गुरुवारी चारला जगभर वाटले जात होते.

मला वाटत होतं, प्रोग्रामने हाक मारेपर्यंत संदेश गप्प पडून राहतो. पडद्यावर तो गप्पच होता. फाईल उघडून वाचायला कुणाची हाक लागत नाही.

विश्वसनीय सूत्र म्हणजे मी.

सरोजाला सांगितलं. वाटलं होतं, 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' म्हणून टोमणा मारेल. ती फक्त म्हणाली, "तिने सांगितलं होतं ना, फाईल बघा म्हणून?"

हो. दोनदा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मी तिला चोर ठरवलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गुरुप्रसादला सगळं दाखवलं. त्याने आधी डोकं धरलं, मग दार लावलं.

"फाईल आजच साफ करा. आणि विषय संपला."

"आणि वनमाला?"

"सर, मी सिंगापूरला काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत आहे. आता सांगू, की चुकीच्या बाईला काढलं आणि भोक आमच्याच तयार केलेल्या मालात होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला मी नंतर कुठेतरी चिकटवून देईन."

"लोक तिला चोर म्हणताहेत."

"आणि ती चोर आहे, हे मला कुणी सांगितलं?"

मी जागेवर गेलो. अडतीस ओळी पुसल्या. सत्तर घरं, सत्तर घरं असं मनाशी म्हणत घरी आलो. त्यातलं एक घर आधीच विझवलंय, हे सत्तरमध्ये धरायचं की नाही?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल वनमालाच्या घरी गेलो. दार नवऱ्याने उघडलं. "मॅडम नाहीत." आत स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तो बंद झाला, आणि पुन्हा लागला नाही. मी दोन मिनिटं उभा राहिलो.

"काही निरोप?" त्याने विचारलं.

सगळं तोंडाशी आलं होतं. पण दारात, चपला न काढता, नवऱ्याजवळ सांगायची ती गोष्ट नव्हती. खरं सांगायचं तर भीती वाटली. "सहज आलो होतो," म्हणालो. नऊ वर्षांत मी तिच्याकडे कधी सहज गेलो नव्हतो, हे त्यालाही माहीत असणार.

माफी तिच्या कानात मागून उपयोग काय? आरोप काही कानात केला नव्हता. तो साऱ्या गावाने ऐकला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आठवडाभर फाईल स्वच्छ आहे. गुरुप्रसादने स्वतः तपासली, आता तपासत नाही. वनमालाच्या जागी आलेले गृहस्थ चारला बटण दाबतात आणि चहाला जातात.

पावणेचारला मी 'पासवर्ड चुकला'च्या खाली एक नवा संदेश लिहिला. प्रोग्राम याला कधीच हाक मारणार नाही. तरी वाचणारा वाचेल, हे मला आता ठाऊक आहे.

'वनमाला यांनी उग्राणची एकही बातमी कधी बाहेर दिली नाही. सर्व बातम्या याच फाईलमधून गेल्या. त्या मी वेळेआधी लिहून ठेवल्या होत्या. फाईल पाहा, असे त्या जानेवारीपासून सांगत होत्या. संशय मी घेतला, सापळा मी लावला, आणि त्यांनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी गप्प बसलो. शेषगिरी, संदेशलेखक.'

चार वाजले. बटण दाबलं गेलं. गृहस्थ चहाला गेले. सरोजाला विचारलं नाही, गुरुप्रसादला विचारलं नाही. सत्तर घरांनाही विचारलं नाही, याचं ओझं आहे.

शनिवार, १ मार्च

सात वाजता आलं. वर एकच ओळ, 'आमचे विश्वसनीय सूत्र स्वतःच बोलले', आणि खाली माझा संदेश, जसाच्या तसा. त्याखाली आणखी दोन ओळी. 'गेले दोन महिने आम्ही हीच फाईल वाचत होतो. उग्राणमधील कोणत्याही व्यक्तीने आम्हाला काहीही सांगितलेले नाही.'

तेवढंच हवं होतं.

सव्वासातला गुरुप्रसादचा फोन. ओरडला नाही, ते जास्त लागलं. "सोमवारपासून येऊ नका, सर. सत्तर जणांना काय सांगायचं ते तरी लिहून द्यायचं होतं, तुम्ही तर सगळं आधी लिहून ठेवता." त्याचं चुकीचं नव्हतं.

सरोजाने फोनवरचं सगळं वाचलं, मग आतून बिनडोक्याचा साखरेचा मोर आणला. डब्यात जपून ठेवला होता तिने. "आता खा," म्हणाली.

सोमवार, ३ मार्च

नोकरी नाही, तरी दहाला पाय दर्शिनीकडेच वळले. मंजप्पाने न विचारता बाय-टू ओतून दोन्ही पेले माझ्यापुढे सरकवले.

समोर एक लाल जुनी गाडी येऊन थांबली. फुटपाथपासून तीन फूट लांब आणि तिरकी. मागून बसवाला भोंगा वाजवत राहिला. वनमाला उतरली, बसवाल्याला हाताने 'थांब' केलं, गाडीला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि आत आली. माझ्याच टेबलाशी उभी राहिली.

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"वाचलंय मी. लांबलाय. संदेश दोन ओळींच्या वर नको, तुम्हीच शिकवलंय."

"कमी करता आला नाही."

"हं." ती रस्त्याकडे बघत होती. "सिंगापूरवाल्यांचा काल फोन आला होता. भोक आहे हे आधी कुणाच्या लक्षात आलं होतं, ते विचारत होते. सौदा करायचाय म्हणतात, पण गुरुवारची आवृत्ती माझ्या हातात असेल तर."

मी पटकन म्हटलं, "म्हणजे सत्तर घरं..."

"एकोणसत्तर," ती म्हणाली. "तुमच्यासाठी मी शब्द टाकला नाही. टाकणारही नाही."

"टाकू नका."

"मी रागावलेय म्हणून नाही, सर. त्या दिवशी तुम्ही खोटं बोलला असतात तर भांडले असते. तुम्ही टेबलाकडे बघत बसलात."

मी फेस जास्त असलेला पेला तिच्याकडे सरकवला. तिने तो पाहिला. मग काउंटरकडे वळून हाक मारली, "मंजप्पा, एक फुल कॉफी. माझी वेगळी."

मंजप्पा घुटमळला, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि ओतली. ती माझ्याच टेबलाशी उभी राहून प्याली, पूर्ण, सावकाश. गाडी कधी घेतली ते मी विचारलं. शनिवारी, म्हणाली, जुनीच आहे, पुढे आईला बसवून देवळात जाऊन आले. क्लच सुटतो का, असं विचारलं. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मी त्या गल्लीत होतो हे तिला कळलं. पेला ठेवला आणि निघाली. गाडीने दोन आचके दिले आणि मग नीट गेली.

मी माझी अर्धी प्यालो. थोड्या वेळाने मंजप्पा फडकं घेऊन आला. "ही दुसरी उचलू का? गार झाली."

"राहू दे," मी म्हटलं.